देवीचं लुगडं

नगर, २२ जानेवारी २०२५

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, थंडी हटत नाही. तुझ्या ईराच्या दहावीचा अभ्यास कसा चाललाय?

झाली चौकशी. आता ऐक.

काल काष्टीच्या छबूबाईंना घेऊन मी संग्रहालयात आले होते. तू मीटिंगला पुण्यात होतास, म्हणून सुटलास. तेवीस वर्षांपूर्वी त्यांच्या देवघरातलं लक्ष्मीचं शिळाछाप चित्र मी आपल्या छापचित्र विभागासाठी मागून आणलं. त्यांच्या आईने त्यावर जरीचं लुगडं शिवलं होतं, टिकल्या लावल्या होत्या. दर नवरात्रात देवीच्या कपाळाला बोट टेकायचं, ते कुंकू कागदात मुरलं होतं. छबूबाई देत नव्हत्या. मी तीन खेपा घातल्या, जिवापाड जपीन म्हणून शब्द दिला, तेव्हा दिलं. आता त्यांची नजर चालली आहे. एकदा डोळे भरून पाहायचं होतं.

त्या चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, ही कुनाची हाय? आमची दावा की."

तीच होती, सुहास! लुगडं उसवलेलं, कपाळ घासून पुसलेलं आणि वर लॅमिनेशन! रेशनकार्डाला करतात तसं! अरे गाढवा, अठरा वर्षं माझ्या हाताखाली काढलीस ना? जुना कागद प्लास्टिकमध्ये कोंडायचा नसतो हे मी कानीकपाळी ओरडत आले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी!

छबूबाईंनी काचेवर हात फिरवला. शिवणीची भोकं तेवढी उरली होती. "आईचं टाकं कुटं गेलं वो?" म्हणाल्या. मला तोंड वर करवेना. "आमच्या सुहासने केलं हे," एवढं सांगून मोकळी झाले. मग त्यांना एसटीत बसवून दिलं.

घरी येऊन तुझ्या नावाने बोटं मोडली. वरपर्यंत तक्रार करायची ठरवली, आणि पुरावा हवा म्हणून आज सकाळी संग्रहालयात येऊन जुनी नोंदवही काढायला लावली.

'लक्ष्मी. शिळाछाप. स्थिती चांगली. वर नंतर जोडलेले कापड व लाल डाग, काढता येतील.'

अक्षर माझं. खाली सहीही माझीच.

तेव्हा मला छापखाना, शाई, रंगांचे थर एवढंच दिसायचं. त्या माउलीचे टाके म्हणजे अडगळ. छबूबाईंना शब्द दिला त्याच दिवशी हे लिहिलंय मी. पुढे अक्कल आली, कापडाला कुणाला हात लावू दिला नाही, पण नोंद बदलायची राहिली. राहिली काय, चूक कबूल करायची लाज वाटली.

आणि गेल्या मे महिन्यात तुझे पाच फोन आले. 'काष्टीच्या चित्राचं विचारायचं होतं,' असा मेसेजही. मी मुद्दाम उचलले नाहीत. निवृत्तीच्या वेळी मला मुदतवाढ नाकारली तेव्हा तू मूग गिळून बसलास, त्याचा राग होता. म्हटलं, निस्तर आता तुझं तू. निस्तरावं लागलं छबूबाईंना.

लॅमिनेशनचं पाप तुझं. ते मी वाटून घेणार नाही. उसवलेलं लुगडं फेकलं नसशील तर शोध, एक टिकलीही गाळू नकोस. ते घेऊन शनिवारी सकाळी स्टँडवर ये. नोंदवहीच्या त्या पानाची झेरॉक्सही आण. काष्टीला जायचंय.

छबूबाईंना वाचता येत नाही. मी वाचून दाखवीन. मध्येच माझा आवाज गेला, तर पुढचं तू वाच. खालच्या सहीसकट.

शोभाताई