इंटरवलला दिलेलं मत

मी, जोतीराम दत्तू चौगले, वय ७७, निवृत्त टर्नर, मूळचा मुरगूडचा, सध्या राहणार शाहूपुरी, कोल्हापूर, हा लेख कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर माझ्या मर्जीने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. मोतीबिंदू काढल्यापासून शेवटच्या रांगेतून पडद्यावरची बारीक अक्षरंही वाचता येतात. आजवर दोन हजार तीनशे अठरा सिनेमे थिएटरात बसून पाहिले, सगळे तिकीट काढून, पासावर एकही नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे जुनं रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

१. शाहूपुरीतलं दोन खोल्यांचं घर माझ्या स्वकष्टाचं आहे. ते माझ्यामागे पत्नी तानाबाई हिचं, आणि तिच्यामागे मुलगा उदयसिंह व मुलगी संयोगिता यांचं निम्मं-निम्मं. पोस्टात आणि बँकेत जे असेल ते तानाबाईचं. तिने माझ्याबरोबर आठशेच्या वर सिनेमे पाहिले आणि त्यातल्या प्रत्येकावर आमचं भांडण झालं. मला जे भावतं त्याला ती रडकं म्हणते, तिला जे भावतं त्याला मी गोंगाट म्हणतो. तरी दुसऱ्या कोणाशेजारी बसून सिनेमा पाहावा असं मला एकदाही वाटलं नाही.

२. माझी हत्यारं, म्हणजे मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि लाकडी पेटीतली सगळी टूल्स, संयोगिताला द्यावीत. ती उद्यमनगरात स्वतःचं वर्कशॉप चालवते आणि तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे, हे मी तिच्या तोंडावर कधी बोललो नाही म्हणून इथे लिहितो. ओघाने सांगतो, एका गाजलेल्या सिनेमात नायक लेथवर काम करताना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि गळ्यात मफलर घालतो. पहिल्याच फेऱ्यात मफलर लेथच्या फिरत्या चकमध्ये अडकून त्याची मान गेली असती आणि आपण सगळे दोन तास लवकर घरी आलो असतो. सिनेमाचं नाव लिहीत नाही, कारण ॲडव्होकेट वर्षाराणी पाटील म्हणाल्या, "काका, मेल्यावरबी दावा लागतोय." या कागदात कुठेच नावं नाहीत ती त्यामुळे. वह्यांत सगळी आहेत.

३. मोठा टीव्ही उदयसिंहला. तो पुण्यात असतो आणि सिनेमा दीडपट वेगाने पाहतो. मी विचारलं, "का रं, मागं कोण लागलंय?" तर म्हणाला, "आण्णा, गोष्ट कळल्याशी कारण." गोष्ट कळण्याशीच कारण असेल तर जेवणाची नुसती यादी वाचून पोट भरावं. मुलगा गुणी आहे, आईबापाला जपतो, म्हणून टीव्ही विनाअट देतो. वह्या मात्र त्याला नाहीत.

४. माझ्या अकरा वह्या संयोगिताला. प्रत्येक सिनेमाला एक पान, त्यावर तारीख, थिएटर, खुर्ची आणि माझं मत. त्यात कोणी खाडाखोड करू नये. ज्यांना वाचायच्या असतील त्यांनी घरी येऊन, चहा घेऊन वाचाव्यात. थोडक्यात माझी मतं अशी. बाप मुलीला सासरी सोडायला एसटी स्टँडवर जातो, गाडी उशिरा येते आणि दोघांना बोलायला काही सुचत नाही, एवढाच प्रसंग ज्यात आहे तो सिनेमा मी नऊ वेळा पाहिला. त्यातल्या बापाने खिशातून सुपारी काढून परत ठेवली तेव्हा थिएटरात कोणी खोकलंसुद्धा नाही. उलट, आमच्या कोल्हापूरला दाखवायचं म्हणून दिसेल त्याला फेटा बांधणारे, प्रत्येक ताटात तांबडा-पांढरा ओतणारे आणि पुणेरी वाक्याच्या शेपटीला 'हाय की' चिकटवणारे सिनेमे मी एकजात नापास केले. एकात तर पैलवान दाखवला आणि त्याचे दोन्ही कान शाबूत! तालमीत दहा वर्षं घालवलेल्या माणसाचा चेंगरून सुजलेला कान पाहून या, मग कॅमेरा लावा.

माझ्या मताला गावात वजन होतं, हे सांगण्यात मला संकोच नाही. शुक्रवारी तीनचा खेळ मी पाहायचो. सहाच्या खेळाची खिडकी आमच्या इंटरवलला उघडायची, त्यामुळे रांगेतले लोक बाहेरच्या चहाच्या गाड्यापाशी माझी वाट पाहायचे. मी फक्त तीनपैकी एक शब्द बोलायचो. 'बघा', 'सोडा' किंवा 'थांबा'. थांबा म्हणजे गर्दी ओसरल्यावर बघा. 'सोडा' म्हटलं की रांग निम्मी व्हायची. अर्ध्या सिनेमावर मत का, असं कोणी विचारलं तर मी म्हणायचो, शितावरून भाताची परीक्षा होते. आणि एकदा दिलेला शब्द मी कधी फिरवला नाही. याचा मला अभिमान होता, आणि पुढचं कलम त्यामुळेच लिहावं लागतं.

५. माझा धाकटा भाऊ कृष्णात स्टुडिओत दिवे लावायला लागला आणि वीस वर्षांनी, १९९४ साली, त्याने स्वतः एक सिनेमा केला. एकच. पहिल्या शुक्रवारी मी नेहमीच्या खुर्चीवर होतो. पहिला अर्धा भाग लांबलेला होता, नायक विनाकारण तीन वेळा गायला. इंटरवलला लोकांनी विचारलं. भाऊ म्हणून मत बदलणाऱ्यातला मी नव्हे. म्हणालो, "सोडा."

मागे वळलो तर कृष्णात माझ्यासाठी चहाचा ग्लास घेऊन उभा होता. "आण्णा," तो म्हणाला, "पुढचं बघ की. खरं पुढंच हाय."

मी म्हणालो, "शब्द गेलाय बाबा. आता बघून काय करू?"

आणि आत न जाता घरी आलो. एरवी सिनेमा कितीही वाईट असला तरी मी शेवटपर्यंत बसायचो. त्या दिवशी बसलो नाही, कारण दुसरा भाग चांगला निघाला असता तर मला गाड्यावर जाऊन तसं सांगावं लागलं असतं. याची मला भीती वाटली. आठवड्यात सिनेमा उतरला. कृष्णात कुरुंदवाडला सासुरवाडीजवळ राहायला गेला, तिथे लग्नाच्या मांडवांना दिवे लावू लागला. आम्ही एकतीस वर्षं बोललो नाही.

यंदा गणपतीत संयोगिताने तो सिनेमा फोनवर शोधून आणला. मी उरलेला भाग पाहिला. त्यात नवऱ्याने टाकलेली बाई आठवडी बाजारात एक कोंबडी घेऊन बसते. दिवसभर गिऱ्हाइकं येतात, ती किंमत वाढवत जाते आणि कोंबडी विकत नाही. समोरच्या दुकानात तिचा नवरा कामाला आहे, आणि कोंबडी विकली तर तिला तिथे बसायला कारण उरणार नाही. तिच्या तोंडी एक शब्द नाही. उन्हाची तिरीप तिच्या पदरावरून हळूहळू सरकत जाते, आणि तो उजेड माझ्या भावाने लावलेला आहे. मी फोन थांबवून रडलो. तानाबाईही रडली, आणि आमचं पहिल्यांदाच एकमत झालं.

तरी सातव्या वहीतल्या पानाखाली पुढील दुरुस्ती जोडावी: पहिला भाग लांबलेलाच आहे, ते मत कायम. दुसऱ्या भागाच्या तोडीचं काम मी दोन हजार तीनशे सिनेमांत चार वेळा पाहिलं. तो भाग माझ्या भावाने केला. मी 'सोडा' म्हणालो ते चूक होतं. 'बघा.'

६. कृष्णातला मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही. वर्षाराणीताईंनी सांगितलं की ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. मला तो साक्षीदार म्हणून हवा आहे. साक्षीदाराला समोर बसावं लागतं आणि मी सही करताना पाहावं लागतं. सहीआधी त्याने हा कागद वाचावा अशी माझी अट आहे. तानाबाई म्हणाली, "गावात दुसरं कोण न्हाईत व्हय साक्षीला?" आहेत. पण माझ्या जिवंतपणी त्याला घरी बोलवायला मला दुसरी सबब सुचली नाही, आणि नुसतं 'ये' म्हणायला जीभ रेटली नाही. फोन शेवटी तानाबाईनेच केला. तो म्हणाला, "वैनी, गाडीची येळ बघून सांगतो."

तो आला नाही तर त्याच्या जागी दुसरा साक्षीदार घेऊ नये. मग हा कागद कच्चाच राहील, आणि तो तसाच राहू द्यावा.

हे सर्व मी स्वतः लिहिलं, स्वतः वाचलं आणि समजून खाली सही करतो.

ठिकाण: शाहूपुरी, कोल्हापूर
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

(सही) जोतीराम दत्तू चौगले

लिहून ठेवणाऱ्याने आमच्या दोघांसमोर सही केली, ती पाहून आम्ही सह्या करतो.

साक्षीदार १: (सही) विजयसिंह आनंदराव शिंदे, शेजारी, शाहूपुरी

साक्षीदार २: (सही) कृष्णात दत्तू चौगले, कुरुंदवाड. कागद सगळा वाचला. पहिला भाग लांबला होता हे खरं आहे. मला ते एडिटिंगलाच कळलं होतं, पण आण्णा सोडून ते सांगणारं कोणी भेटलं नाही.