कागदी हत्तींतल्या अक्षता

भंडारा, ता. १६ मे १९७८

चि. कृष्णास आशीर्वाद. वि. वि.

रविवारी, ता. १४ रोजी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी तुझ्या पवनीच्या मांडवात माझे साठ हत्ती, ससे आणि बैल पायदळी गेले. तुझ्या रुखमाच्या लग्नासाठी दोन महिने मी त्या प्राण्यांच्या आकाराच्या कागदी डब्या दुमडत होते. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांनी शिकवलेल्या घड्या. कात्री नाही, खळ नाही. माझी बोटे आता सकाळी वळत नाहीत, गरम पाण्यात धरावी लागतात. डब्या तोरणाला टांगायच्या होत्या. तुम्ही त्यांत अक्षता भरून पाहुण्यांना वाटल्या! पहिल्याच ‘सावधान’ला लोकांनी अक्षतांसकट हत्तीही फेकले. एक बैल नवरदेवाच्या फेट्यात अडकला आणि तुझा मेहुणा मारोतराव पोट धरून हसला.

मी तशीच एस.टी. गाठली. जेवले नाही, पोरीच्या डोक्यावर हातही ठेवला नाही. हा उद्योग कोणाचा, ते कळव. त्या माणसाचे तोंड मला पुन्हा पाहायचे नाही.

माया अजून शिल्लक आहे, ती जपून वापर.

तुझी दमलेली ताई

पवनी, ता. १९ मे १९७८

ती. ताईस कृष्णाचा शि. सा. नमस्कार.

चूक माझीच धर, असे लिहिणार होतो. मारोतराव तर अजून म्हणतो, मास्तरीणबाईनं अक्षता फेकाले हत्ती देल्ले, आता बसाले घोडेही बाईच देईन. पण तू तोंड पाहणार नाही म्हणालीस, म्हणून सांगावे लागते. ते रुखमाने केले. आदल्या दिवशी हळदीच्या हातांनी एकटी भरत बसली होती. म्हणे, बाबा, टांगलेलं कोन पाह्यते? आत्याचा हत्ती सगळ्याइच्या हाती गेला पाह्यजे, लोक घरी नेतीन. फेकतीन, हे तिच्या ध्यानातच आले नाही.

पाठवणीला ती तुला शोधत होती. गाडीत बसेना. विहीणबाईंनी विचारले, आत्या काहून गेली? मी सांगितले, ताप आला. तेवढे पोटात घाल.

रागातही आठवण ठेवावी.

तुझा कृष्णा

भंडारा, ता. २२ मे १९७८

चि. कृष्णास आशीर्वाद.

खोटे बोलणे तुला लहानपणापासून जमत नाही. मला ताप कधी येतो? तुझ्या विहीणबाईंना ते तेव्हाच कळले असेल.

पस्तीस वर्षे शिकवले. कारण विचारल्याशिवाय एकाही मुलीवर छडी उगारली नाही. त्या दिवशी विचारले नाही. बोटांचे दुखणे परवडले.

हे पत्र रुखमाला दाखवू नकोस. ताईचा राग गेला, असा निरोपही धाडू नकोस. आशीर्वाद निरोपाने पोचत नाही, आणि माफी तर मुळीच नाही. मी स्वतः तुमसरला जाणार आहे. तिच्या सासरचा पूर्ण पत्ता, गल्लीसह, हवा. मारोतरावाच्या तोंडी नको. तुझ्या अक्षरात, लेखी, बुधवार ता. ३१ मेच्या आत.

ताई