रजा मागायची रीत

आई,
तुझ्या भटक्याचा लांबूनच वाकून नमस्कार.

नोकरी लागली, खरंच! कारखान्यात नुसती माणसं बघत बसायचं. रजेसाठी नवा कॉम्प्युटर आणलाय, तरी सगळे मुकादमकाकांकडेच जातात. असं का, ते शोधून साहेबांना सांगायचंय. (गुडघा कसा आहे? खरं सांग.)

मीच कॉम्प्युटरवर रजा मागून पाहिली. झटक्यात मंजूर! पण "का रे?" म्हणून कुणी विचारलं नाही. चुकल्याचुकल्यासारखं वाटलं, म्हणून काकांकडे गेलो.

"घरी कोण आजारी?"

"कुणी नाही. आईची आठवण येते."

"मग इथे काय करतोस, गाढवा? पळ!"

साहेबांना हेच सांगितलंय, माणसांना रजेबरोबर विचारपूसही हवी असते. पटलं तर नोकरी टिकेल. नाही पटलं तर रजा लांबेल, एवढंच!

रविवारी पोचतो. आल्या आल्या "का रे आलास?" असं नक्की विचार.

तुझाच,
धाकटा