निबर पान

प्रिय मामाजी,
जय भीम!

शर्यत मी जिंकली! हो, मीच, तुमची सून! आज सकाळी तुमच्या बकरीनं हिरवं पान तोंडात धरलं, चावलं, अन् थू करून बाहेर टाकलं! मी टाकीसमोर अशी ओरडली की तुमचा लेक अर्धी दाढी सोडून धावत आला. त्याले वाटलं मले शॉकच लागला. "काय झालं?" म्हणे. म्हटलं, "बकरीनं थुकलं!" तो माह्या तोंडाकडं पाहतच राह्यला. आता सांगा, ही गोष्ट तुमाले नाई लिहू तं कोणाले लिहू?

बाहेरच्या माणसानं हे वाचलं तं म्हणंल, ऊर्जानगरच्या क्वार्टरात हे लोक बकरी काऊन पाळून राह्यले? त्याले काय माहीत, बकरी म्हणजे आपली गोल्डफिश! नाव तुम्हीच ठेवलं. हिरवं दिसलं की फस्त, मंग तिले मासोळी कोण म्हणंल?

मी मूल तालुक्याकडची, धानाच्या गावातली. लग्न होऊन इथी आली तेव्हा सारे आपापल्या ड्यूटीत. तुमचा लेक शिफ्टले गेला की घरात तुम्ही, मी, अन् टाकीची बुडबुड. मी रडवेली होऊन कोपऱ्यात बसायची. तुम्ही म्हणाले, "इकडं ये वं पोरी. बकरीले दाणे टाक. ती तुले ओळखाले लागली की समज, घर तुयं झालं." अन् खरंच हो, ती काचेले तोंड लावून माही वाट पाह्याले लागली. या घरात पहिली ओळख मले तिनंच देली.

पण झाडं निवडणं तुमाले कधी जमलं नाई, हे आज सांगूनच टाकते! चंद्रपूरच्या दुकानातून काय आणायचे? कोथिंबिरीसारखं नाजूक, पोपटी, लुसलुशीत. भाजीबाजारात जुडी निवडावी तसं! संध्याकाळी लावलं की सकाळी नुसत्या काड्या. मी म्हणायची, "मामाजी, तुम्ही झाड आणता की बकरीचा डबा?" तुम्ही इतके हसायचे की चष्मा काढून डोळे पुसा लागायचे.

एकदा तं चिडून प्लॅस्टिकचं झाडच आणलं. "घे, खा आता!" बकरीनं तेही चावून पाह्यलं! मंग तुम्हीच ते उपटून फेकलं. "हे ना जितं, ना मेलं. हे नको." अन् माह्याकडं वळून म्हणाले, "सूनबाई, हिच्या टाकीत हिरवं पान टिकवून दाखव. टाकी तुयी!"

तेवढं म्हणून तुम्ही गेलेच की हो. काऊन इतकी घाई केली? शर्यत लावणारा माणूसच नाई, तं जिंकायचं कोणापुढं?

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर टाकीकडं पाह्याचं कोणाले सुचेना. दाणे तेवढे मी टाकायची. मंग चंद्रपुरातल्या आपल्या नव्या घराचं काम झालं, क्वार्टर सोडायची वेळ आली. तुमचा लेक म्हणाला, "टाकी नेणं नाई होत. शेजारचे चौधरीभाऊ मागून राह्यले, देऊन टाकू."

मी म्हटलं, "टाकी मामाजीनं मले देली."

"हिरवं टिकलं तं देली. कुठी आहे हिरवं?"

पाह्यलं? तुमचाच लेक! अट बरोबर लक्षात ठेवली! मंग मीही हट्टाले पेटली. "सामान बांधेपर्यंत थांबा. तेव्हा हिरवं दिसलं तं टाकी आपल्यासंगं येईल. नाई दिसलं तं मीच चौधरीभाऊकडं पोचवीन."

म्हटलं खरं, पण बकरी दुसऱ्याच्या घरी जाईल, अन् तुम्ही पुन्हा एकदा जासाल, असंच वाटलं मले.

दुकानात गेली. तिथल्या ताईले सांगितलं, गोल्डफिश खाणार नाई असं झाड द्या. ताई म्हणाल्या, "कोवळं घेऊच नका. जाड, कडक पानाचं घ्या, चवीले खराब." अन् जावा फर्न हातात देलं. मी नखानं पान दाबून पाह्यलं. अवं माय, हे तं निबर! भेंडी असती तं ठेल्यावरच परत टाकली असती! मामाजी, इतकी वर्षं आपण उलटंच करून राह्यलो होतो! बाजारात ज्याले नाक मुरडतो, तेच बकरीपुढं ठेवायचं होतं.

घरी आणलं अन् धानाचा करतो तसा केला रोवणा! धानाच्या गावची पोरगी ना मी! वाळूत बोट खुपसलं, झाड खोचलं, वरून दाबलं. बकरीनं खाल्लं नाई, पण झाड बुडापासून काळं पडून सडलं. मी ढसाढसा रडली. ताईले फोन केला तं त्या हसाले लागल्या. "अहो, हे धान नाई! याचं बूड पुरायचं नसते. गोट्याले दोऱ्यानं बांधा. मुळं आपोआप गोटा धरतात. धरला की दोरा कापून टाका. झाड वर तरंगलं तं समजा, धरलं नाई."

दुसरं आणलं. ब्रह्मपुरीच्या लग्नाहून येताना वैनगंगेतला काळा गोटा तुम्ही खिशात घालून आणला होता ना? त्यालेच बांधलं, अन् कैक आठवडे मुळं धरायची वाट पाह्यली. तुम्ही मले चिडवायचे, "आपली सूनबाई निबर आहे, कोणाच्या दाताखाली येत नाई." तेव्हा मले राग यायचा. आता नाई येत.

आज सामान बांधाले काढलं. बकरीनं पान थुकलं ते सांगितलंच. पण तुमच्या लेकाची नजर दोऱ्यावर! "बांधून ठेवलं तं काहीही टिकते. दोरा काप, मंग पाहू."

कोपरापर्यंत पाण्यात हात घातला अन् कैचीनं दोरा कापला. दोरा सुटून वर आला. झाड जागच्या जागी! मंग बकरी आली, पान धरून हिसका देला. आणखी एक देला. गोटा हालला, झाड नाई सुटलं!

तुमचा लेक टाकीजवळ बसला, तुमच्याच जागी, तुमच्यासारखेच गुडघ्यावर हात ठेवून. मंग म्हणाला, "बकरीले बादलीत घे. टाकी टेम्पोत सामानासंगं नको ठेवू. मी मांडीवर घेऊन बसतो." अन् चष्मा काढून डोळे पुसले. तो हसत नोता पण.

मामाजी, वचन देते. नव्या घरात प्लॅस्टिकचं पान येणार नाई. फर्नच्या पानावर रोपट्याचं पिल्लू फुटते म्हणे, पहिलं पिल्लू चौधरीभाऊले देईन. अन् उद्या त्या घरात कोणी नवं माणूस आलं, कोपऱ्यात गप्प बसलं, तं मी त्याले हाक मारीन, "इकडं ये. बकरीले दाणे टाक."

तुमची निबर सून,
सुजाता