पाच वाजताची बॅग

३ मार्च

चि. धाकट्यास काकाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझा उजवा हात केवढ्याला पडला, एकदा ऐकून ठेव: सात वर्षं, तुझी बॉक्सिंगची बॅग धरताना मोडलेल्या माझ्या तीन बरगड्या, आणि पोराला ठोसे खायला लावले म्हणून तुझ्या आईने धरलेला अबोला. आणि तुझे नवे कोच म्हणे तोच हात पट्ट्याला बांधून ठेवतात! कच्चं ते पक्कं करायचं म्हणे. अरे, या हॉलची फरशी पुसणारा मी मालक झालो तो कानांच्या जोरावर. कोणाचा ठोसा भरीव, कोणाचा पोकळ, पाठमोरा सांगतो. आहे त्यालाच धार लावावी. तुझ्या डाव्याने माशीही उठणार नाही, लिहून घे.

तू मधे येऊन गेलास का? चार दिवस झाले, पाच वाजता हॉल बंद असतो तेव्हा तुझी बॅग वाजते. दोन हलके, एक जोरात, मग साखळीची कुरकुर. हात तुझाच. आत जावं तर बॅग हलत असते, माणूस नसतो.

आई बरी आहे. पत्राचा आळस नको.

तुझा काका

९ मार्च

ती. काकांस सा. न. वि. वि.

मी कुठला येतोय? पण तुमचं पत्र वाचून अंगावर काटा आला. कोच आमचा उजवा पाचलाच बांधतात. आधी तो थडथडायचा. आता बांधला की जड होतो, माझा नसल्यासारखा. सोडतो तेव्हा मुठीवरची कातडी सोललेली असते. कोच म्हणाले, पट्टी घट्ट झाली असेल. पण पट्टीवर तांबडा रंग उमटतो, काका. इथल्या बॅगा काळ्या आहेत. तांबडी फक्त तुमच्याकडे.

येत्या रविवारी पाचला निवडीची लढत. वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच. उजवा तेव्हा माझ्याकडे असेल का, हीच धास्ती आहे. तेवढी बॅग उतरवा. आईला सांगू नका.

माया असू द्यावी,
धाकटा

१६ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

बॅग उतरवली नाही. तुझा हात बिथरून भलतीकडेच गेला तर? काल पाचला बॅगेला मिठी मारून उभा राहिलो, तुझ्यासाठी राहायचो तसा. दोन हलके आले. रिकाम्या हॉलमध्ये मी मोठ्याने दटावलं, की पोराची तिकडे लढत आहे, इथे काय करतोस, नीघ. साखळी थांबली. तिसरा आलाच नाही.

पोचला का उजवा वेळेवर? जीव टांगणीला लागलाय. लगेच कळव.

काका

१८ मार्च

ती. काकांस सा. न. वि. वि.

निवड झाली! उजवाही पोचला. तिसऱ्या फेरीत खांद्यापासून एकदम ऊब उतरली, मूठ आपली आपण वळली. कोपऱ्यातून कोच हात खाली घे म्हणून ओरडत होते, कारण समोरचा आधीच आडवा होता आणि पंचांचं आठपर्यंत मोजून झालं होतं.

आईला आता सांगितलंत तरी चालेल. बरगड्या जपा, आणि माझ्यावरचा जीवही.

तुमचाच,
धाकटा

ता. क. तुम्ही विचारणारच, म्हणून लिहितो. तो डाव्याने पडला.