मृणालीला आणायची व्हॅन

८ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.

गणपती गेले. कारखान्यात मूर्तींचं काम संपलं, मालकांनी आम्हा साचेवाल्यांना दिवाळीपर्यंत सुट्टी दिली. सुट्टी वाया घालवायची नाही. ठरवलं आहे की व्हॅन आतून नवी करायची आणि घटस्थापनेला रोह्याला सासरी जाऊन लेकीला, मृणालीला, पहिल्या बाळंतपणासाठी पेणला घरी आणायचं. तिला सातवा चालू आहे. पितृपक्षात आणत नाहीत, म्हणजे हातात चौदा दिवस. काम दोन दिवसांचं. बारा दिवस आराम.

व्हॅन मी खांब गावच्या एका माणसाकडून घेतली. तो तिच्यातून सुकी मासळी वाहायचा. वास सगळा कार्पेटमध्ये मुरलाय. पोटुशी मुलगी या वासात नागोठण्यापर्यंतसुद्धा टिकणार नाही.

बायको, सगुणा म्हणते, एसटीनं आणू, नाहीतर जगनची गाडी मागू. जगन म्हणजे कोपऱ्यावरचा गॅरेजवाला, तो नाही म्हणणार नाही. पण सगुणाला मुद्दाच कळत नाही. मृणालीच्या लग्नात आपण टेम्पोतून उतरलो तेव्हा विहीणबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, पाहुणे सामानासकट आले. ते मी विसरलेलो नाही. या वेळी त्यांच्या दारात माहेरची स्वतःची गाडी लागेल.

दुपारी १. सीट काढल्या. कार्पेट उपटलं. खाली पत्र्यावर थोडा ग्लू राहिलाय. किरकोळ.

९ सप्टेंबर.

किरकोळ नाही. कुणीतरी दोनदा कार्पेट बदललंय आणि जुन्यावरच नवा ग्लू ओतलाय. उन्हात तो च्युइंगमसारखा ताणतो, संध्याकाळी दगड होतो. नाक लावून बघितलं. खरा वास त्यातच आहे.

पटाशीनं तीन तास खरवडला. वीतभर जागा साफ. बोटांची सालं गेली, पण पद्धत सापडली.

१२ सप्टेंबर.

पद्धत बदलली. रॉकेल. ग्लू विरघळला आणि काळा चिखल होऊन सीटच्या बोल्टांपर्यंत पसरला. आता मासळी आणि रॉकेल असा दोन्हींचा वास येतो. मासळीचा कमी येतो, हे नोंदवण्यासारखं आहे.

१५ सप्टेंबर.

जगन बघून गेला. म्हणाला, ड्रिलला तारेचा ब्रश लावतो, अर्ध्या दिवसात काढून देतो. आणि घाई असेल तर वर रबरी मॅट टाक आणि जा, खाली वाकून कोण बघतंय. त्याला गाडी चालू झाली की काम झालं असं वाटतं. मी सव्वीस वर्षं साच्यातून मूर्ती सोडवतोय. एकाला चिकटलेलं दुसरं कसं सुटं करायचं हे पेणमध्ये मला कुणी शिकवू नये. त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं.

१८ सप्टेंबर.

थिनर. पाऊस होता म्हणून दारं लावून घेतली. पुढचं आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा ओट्यावर होतो आणि सगुणा डोक्यावर पाणी ओतत होती. ती म्हणते, मी आत बसून आरती म्हणत होतो. दोन दिवस डोकं दुखणार असं दिसतं. यापुढे दारं उघडी ठेवायची.

२२ सप्टेंबर, घटस्थापना.

मृणालीचा फोन. आज येणार ना, असं विचारत होती. शुक्रवारी नक्की म्हणालो. तिचे पाय सुजलेत. डॉक्टरनं पडून राहायला सांगितलंय, पण घर दुसऱ्या मजल्यावर, पाणी खाली येतं, विहीणबाईंचे गुडघे गेलेले आणि जावईबापू मिथुन कंपनीत शिफ्टला. म्हणजे हंडे तीच चढवते. मी सांगितलं, पाय सुजणं नॉर्मल असतं, तुझ्या आईचेही सुजले होते.

सगुणा म्हणते, तिचे सुजले नव्हते.

२६ सप्टेंबर, शुक्रवार.

आज जाणं जमलं नाही. सीटच नाहीत तर बसवणार कुठे. मिथुनला फोन करून सांगितलं की काम अंतिम टप्प्यात आहे. तो बरं म्हणाला. आवाज थकल्यासारखा वाटला. नाईट शिफ्ट असणार.

३० सप्टेंबर.

पहाटे उपाय सुचला. इतके दिवस कसा सुचला नाही याचं नवल वाटतं. साच्याला आतून साबणतेल लावायचं विसरलं तर काय होतं? प्लास्टर सुकताना साच्याला धरतं आणि ओढलं की साच्याचं कातडं सोबत घेऊन येतं. त्यापायी मी किती पोरांना शिव्या घातल्यात. तीच चूक आता मुद्दाम करायची. तळावर तेल न लावता प्लास्टर ओतायचं, सुकू द्यायचं, उचलायचं. सगळा ग्लू एका लादीत वर येईल. गॅरेजवाल्याच्या डोक्यात हे कधीच येणार नाही.

१ ऑक्टोबर.

कारखान्यातून दोन गोणी आणल्या. कालवलं, ओतलं, हातानं सपाट केलं. सव्वीस वर्षांत इतकं सुंदर पडलेलं प्लास्टर बघितलं नाही. सगुणाला बोलावून दाखवलं. ती बघून आत गेली.

२ ऑक्टोबर, दसरा.

हातोडा आणि छिन्नी पुजली. झेंडू वाहिला. मग लादी उचलायला गेलो.

उचलली नाही.

४ ऑक्टोबर.

साचा गुळगुळीत असतो. गाडीच्या तळाला पन्हळी असतात. हा मुद्दा राहून गेला. प्लास्टर पन्हळींत बसलंय, वायरींना धरून बसलंय, आणि सीटच्या बोल्टांची भोकंही भरली. ती मी आधी चिंध्या कोंबून झाकायला हवी होती. म्हणजे आता ग्लू निघाला तरी सीट बसणार नाहीत. आणि प्लास्टरखाली ग्लू जसाच्या तसा. एक कोपरा फोडून बघितला.

खचून जायचं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार.

आज सातवा संपला. आठव्यात मुलीला माहेरी आणत नाहीत, नववा लागला की आणतात. म्हणजे आपोआप पूर्ण एक महिना मिळाला. मन हलकं झालं.

सगुणाला हे सांगितलं. तिनं हातातली पोळी तव्यावर तशीच ठेवली. म्हणाली, "रीत मी बघून घेईन. तू पोरीला आण."

मी म्हणालो, आजवर सगळं पाळत आलीस ती तूच.

संध्याकाळी मृणालीचा फोन. आज रविवार, मिथुन घरी असणार, तरी ती जिन्यातून बोलत होती. "बाबा, कवा येतोस? माझी नजर अंधारते. जिना चढवत नाय मला." मी तिला समजावलं की आठवा लागलाय, आता नवव्याला येऊ, गाडी एकदम टकाटक असेल. ती म्हणाली, बरं.

९ ऑक्टोबर, गुरुवार.

सगुणा पिशवी भरून निघाली होती. एकटी, एसटीनं. मी तिला दारात अडवलं. आठवा वगैरे बाजूला ठेवू, रविवारी गाडी घेऊन दोघंही जाऊ, शब्द देतो, असं म्हणालो. पिशवीत मेथीचे लाडू होते. तिनं पिशवी खुंटीला लावली. तिनं विश्वास ठेवला याचं बरं वाटलं.

१२ ऑक्टोबर, रविवार.

छिन्नी पत्र्यातून आरपार गेली. भोकातून अंगणातलं गवत दिसतं.

सगुणाला सांगितलं, मंगळवारी जाऊ.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. दुपारी १.

यश. जगनकडून ग्राइंडर आणला. त्याच्याकडे मागावं लागलं याचं वाईट वाटतं, पण मशीन मशीन असतं. प्लास्टर आणि ग्लू दोन्ही उडाले. हातभर पत्रा चांदीसारखा चमकतोय. नाक लावलं. कसलाही वास नाही. या वेगानं संध्याकाळपर्यंत अर्धा तळ होईल.

दुपारी ३. ग्राइंडर बंद केला तेव्हा फोन बघितला. मिथुनचे अकरा कॉल येऊन गेले होते.

१९ ऑक्टोबर, रविवार.

मंगळवारी नळावर हंडा भरताना मृणालीला आकडीचा झटका आला. आठव्यातच बाळंत झाली. मुलगी होती. रडली नाही.

जगननं आम्हाला त्याच्या गाडीतून रोह्याला नेलं. एक तास पाच मिनिटं लागली. हे अंतर मला माहीत होतं. जन्मभर माहीत आहे. दवाखान्यात विहीणबाई बाकावर बसल्या होत्या. आम्ही कशातून उतरलो ते त्यांनी बघितलं नाही. माझ्यापुढे पाण्याचा पेला धरला. मिथुननं सांगितलं, प्रेशर खूप वाढलं होतं, पंधरा दिवस पूर्ण पडून असती तर कदाचित. मला वाटलं त्यानं शिव्या द्याव्यात.

सगुणा तिथेच राहिली. मी परत आलो, कारण मी तिथे कुणाला नको होतो. चूक माझी आहे. हे इथे लिहून ठेवतो, कारण तोंडानं अजून कुणाजवळ म्हणता आलेलं नाही.

आज सकाळी जगन दोघींना घेऊन आला. मृणाली मागच्या सीटवर आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. उतरली आणि हळूहळू अंगणातून चालली. व्हॅनचं सरकतं दार उघडंच राहिलं होतं. तिथे ती थांबली. सगुणा म्हणाली, चल गो आत. ती हलली नाही. तळाकडे बघत उभी राहिली, मग माझ्याकडे वळली.

"बाबा, एवढ्यासाठी थांबलास?"

मी हो म्हणालो.