तिसरी काडी

श्री

अकोला, ता. ११ जुलै १९३५

चि. सौ. रमा हीस मोरूदादाचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र घेऊन येणारा गोवर्धन माळी तुमच्याच पेठेतला. त्याच्याजवळ ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या तीन काड्या दिल्या आहेत. पाहून नाक मुरडू नकोस आणि चुलीत तर मुळीच घालू नकोस. त्या ब्रुग्मान्सिया आहेत. हे नाव जड वाटत असेल तर विलायती धोत्रा म्हण, पण माझ्यासमोर म्हणू नकोस. आपला धोत्रा फूल वर करून उभा असतो, याची फुलं वीतवीतभर लांब आणि तोंड खाली करून लोंबतात. दिवेलागणीला जो वास सुटतो तो मला शब्दांत धरता येत नाही, आणि मी बत्तीस वर्षं पोरांना निबंध शिकवले आहेत.

हेडमास्तरकी संपल्यापासून माझ्याकडे यांची अकरा झाडं झाली. तुझी वहिनी म्हणते की शाळा सुटली पण हजेरी सुटली नाही, सकाळी मी एकेकाचं नाव घेत फिरतो. सगळा संग्रह एकाच अंगणात असणं शहाणपणाचं नाही, एक कडक उन्हाळा आला की संपलं. म्हणून तुला वाटेकरी केलं आहे. पांढऱ्या दोऱ्याची काडी पांढरी, पिवळ्या दोऱ्याची पिवळी. बिनदोऱ्याची तिसरी मला चिखलदऱ्याच्या एका बंगल्यातून मिळाली, तिचा रंग बंगल्याच्या माळ्यालाही सांगता आला नाही. तिची जोडीदारीण माझ्याकडे वाळून गेली. मला गेली सहा वर्षं एका गुलाबीची आस आहे, पण इतक्यात आशा धरत नाही.

काड्या आधी पाण्यात ठेव, मुळ्या फुटल्या की सावलीत लाव. हे झाड अंगभर विषारी आहे. पान, फूल, चीक कशालाही हात लागला तर धुवावा. फुलं वेणीत घालायची नाहीत आणि शेळीला द्यायची नाहीत.

बापूसाहेबांना माझा नमस्कार सांगावा की नाही ते तूच ठरव. तुमच्या कुंदाच्या लग्नात त्यांनी स्वतः रचलेल्या मंगलाष्टकाच्या तिसऱ्या ओळीत एकोणीसऐवजी वीस अक्षरं होती, आणि ते मी मांडवात मोठ्याने मोजलं. पाच वर्षं झाली, त्यांचं मला एक कार्डही नाही.

बहिणीच्या दोन ओळी आल्या की माझा आठवडा बरा जातो, हे विसरू नये.

तुझा
मोरूदादा


श्री

अमरावती, ता. १४ ऑक्टोबर १९३५

ती. दादा यांच्या पायांवर रमाचं डोकं. वि. वि.

तुमच्या तिन्ही काड्या जगल्या. याचं श्रेय गोवर्धनच्या बायकोला, मनकर्णाबाईला. ती आमच्याकडे पूजेची फुलं घालते आणि आमच्या परसात तिचा शब्द चालतो. तुम्ही म्हणाला होता सावलीत लावा, तिने व्हरांड्याच्या पायऱ्यांशी लावल्या, कारण तिथे आंघोळीचं पाणी आयतं येतं. मी तुमचं नाव सांगितलं तर म्हणाली, मास्तर अकोल्यात हायेत, झाड इथं हाय.

पांढऱ्या काडीचं झाड माझ्या खांद्याला आलं आणि परवा एकदम नऊ फुलं आली. दादा, मी तुमच्यावर हसणार होते, पण सकाळी दार उघडलं आणि हातातला तांब्या तसाच राहिला. धुवून दोरीवर वाळत घातलेल्या परकरांसारखी दिसतात, हे मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. मनकर्णाबाई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, बाई, हे फूल असं खाली मान घालून काहून राह्यते? मले त सासरी नवी आलेली पोरगी दिसते. संध्याकाळी शेजारच्या बायका वासाच्या मागे मागे आमच्या फाटकापर्यंत आल्या.

आता वाईट बातमी. इतके दिवस यांनी झाडाकडे पाहिलंही नव्हतं. शनिवारी कोर्टातून येताना एक फूल पागोट्याला लागलं, म्हणून नाव विचारलं. मी विलायती धोत्रा म्हणाले. वकिलाच्या दारात धोत्रा पाहून पक्षकार काय समजतील, असं विचारून राहिले. मग झाड दिलं कोणी, हे विचारलं. मी खोटं बोलत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. ऐकून ते शांतपणे म्हणाले की तिन्ही झाडं काढून टाक.

मी म्हटलं काढते, आणि काढली नाहीत. तिसऱ्या काडीला कळ्या धरल्या आहेत. तुमच्या सहा वर्षांच्या आशेपायी मी नवऱ्याला आज-उद्या करून राहिले आहे, याची नोंद असू द्या.

वहिनींना नमस्कार, आणि माझ्यावरची माया कमी करू नये.

आपली
रमा


श्री

अमरावती, ता. १९ नोव्हेंबर १९३५

ती. दादा यांस रमाचा वाकून नमस्कार. वि. वि.

घाबरू नका, सगळे सुखरूप आहेत. यांचा उजवा डोळा तेवढा बिघडला आहे.

काल सोमवारी कोर्टात जायच्या आधी हे स्वतःच विळा घेऊन पायऱ्यांशी गेले. पांढऱ्या झाडाच्या दोन फांद्या तोडल्या, तेवढ्यात टांगा आला म्हणून विळा टाकून निघाले. वाटेत डोळ्यात कचरा गेला आणि त्याच चिकाच्या हाताने डोळा चोळला. कोर्टात पोचेपर्यंत उजव्या डोळ्याची बाहुली जांभळाएवढी झाली होती. डावी आपली होती तेवढीच. यांना पत्ता नाही, आणि इतक्या मोठ्या वकिलाला कोण सांगणार.

काल यांचे पक्षकार खुशालराव यांचा धुऱ्याचा दावा होता. शेजाऱ्याने हद्दीचे दगड सरकवून शेत बळकावलं, अशी त्यांची फिर्याद. साक्षीला त्यांचाच माणूस, जानराव. सगळं पढवलेलं होतं, म्हणजे खुशालरावांनी पढवलेलं. यांना ते खरंच वाटत होतं. हे उठले, चष्मा काढला आणि जानरावाकडे रोखून पाहिलं. एक डोळा माणसाचा, एक घुबडाचा. जानराव कठडा धरून मागे सरकला. यांनी नुसतं नाव विचारलं होतं. तो म्हणाला, साहेब, माह्याकडे असे पाहू नका, सांगतो मी, दगड खुशालरावनंच सरकवले. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं आणि आपल्याच साक्षीदाराने यांचा दावा बुडवला.

घरी आले आणि आरशात डोळा पाहून डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले चार दिवसांत उतरेल, तोवर लिहायचं-वाचायचं नाही. हिरवी पट्टी बांधून आता व्हरांड्यात बसले आहेत. वर्तमानपत्र नाही, कागद नाही, पक्षकार नाहीत. समोर फक्त तुमची झाडं. तिसऱ्या काडीची पहिली कळी आज-उद्या उमलेल. विळा मी डाळीच्या डब्यात लपवला आहे.

या घरात माझ्या बाजूने एक तरी माणूस असावं म्हणून लगेच लिहावं.

आपली
रमा


श्री

अमरावती, ता. २१ नोव्हेंबर १९३५

रा. रा. मोरोपंत यांस बापूसाहेबांकडून न. वि. वि.

(दादा, अक्षर माझं आहे, पण शब्द यांचे. कंसातलं माझं. काय लिहिलंस ते वाचून दाखव म्हणतील तेव्हा कंस गाळीन.)

आपणांस या पत्राने कळविण्यात येते की, आपण आमच्या गैरहजेरीत व आमच्या पत्नीस हाताशी धरून आमच्या राहत्या घराच्या पायऱ्यांशी तीन विषारी वृक्ष प्रस्थापित केलेत. (काड्या होत्या.) सदर वृक्षांपैकी एकाच्या चिकाने आमच्या उजव्या डोळ्यास इजा झाली (हात धुवा म्हणून दादांनी बजावलं होतं, हे मी यांना आत्ता सांगितलं, लिहू नको म्हणाले) व आमचा एक दावा हातचा गेला. दावा खोटा होता व ते आम्हांस ठाऊक नव्हते. त्या दृष्टीने जे झाले ते बरे झाले, परंतु त्याचे श्रेय आपणांस घेता येणार नाही.

दुसरे असे की, सक्तीच्या विश्रांतीत आम्हांस सदर वृक्षांचे निरीक्षण करावे लागले. (काल तीन वेळा चहा तिथेच मागवला.) वास संध्याकाळी सुटतो, हे आपले म्हणणे अपुरे आहे. तो आधी पिवळ्याला सुटतो, पांढऱ्याला अर्ध्या तासाने. हे आपल्या ध्यानात आले नसावे.

तिसरे, व मुख्य. बिनदोऱ्याचे फूल काल सकाळी पांढरे उमलले. आज दुपारपासून त्याच्या कडा गुलाबी आहेत. (पांढरंच आहे हो. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दिसण्यात फरक पडेल.) आमची पत्नी आमच्या डोळ्यावर शंका घेत आहे. आम्ही डाव्या डोळ्याने पाहिले. नंतर उजव्याने पाहिले. दोन्ही डोळ्यांची साक्ष एकच आहे. याचा खुलासा आपण परत टपालाने करावा.

राग आहे तो आहेच, तरी उत्तरास विलंब न व्हावा.

बापूसाहेब

ता. क. २२ सकाळ. दादा, पूजेची फुलं घ्यायला गेले होते. मनकर्णाबाई माझ्या आधी तिथे उभी होती. गुलाबी आहे. कडाच नाही, पार देठापर्यंत. मी यांची क्षमा मागितली. यांनी ती दिली, पण आधी मला पुन्हा एकदा बाहेर नेऊन फूल दाखवलं. — रमा


श्री

अकोला, ता. २३ नोव्हेंबर १९३५

रा. रा. बापूसाहेब यांस मोरोपंताचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

आपलं पत्र आज अकरा वाजता मिळालं. मी ते उभ्यानेच वाचलं आणि मग जिन्यावर बसून पुन्हा वाचलं. हिने विचारलं, कोणी गेलं का. मी म्हणालो, आलं.

आपले दोन्ही डोळे बरोबर आहेत. ही जात पांढरी उमलते आणि दुसऱ्या दिवशी लाजते. मी हे फक्त एका कॅटलॉगात वाचलं होतं. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं असे माझ्या ओळखीचे पहिले गृहस्थ आपण. पिवळ्याला वास आधी सुटतो, हे मला खरोखरच ठाऊक नव्हतं. आज संध्याकाळी मी घड्याळ घेऊन बसलो. आपण म्हणता तसंच आहे.

मांडवात मी अक्षरं मोजली ती मोजायला नको होती. बाप लेकीसाठी गात होता. हे मला तेव्हाच कळलं, पण माझ्या तोंडून आकडा निघून गेला होता. पाच वर्षं पत्र लिहायला घेतलं की दुसऱ्या ओळीत मी स्वतःचीच बाजू मांडू लागायचो, आणि कागद फाडायचो.

त्या गुलाबीची एक काडी मला मिळेल का? आपण म्हणाल त्या दिवशी येतो. व्हरांड्याच्या आत येणार नाही.

आपल्या घरच्या पायरीची आशा धरून असलेला,
मोरोपंत


श्री

अमरावती, ता. ३ डिसेंबर १९३५

ती. दादा यांस रमाचे मनापासून नमस्कार. वि. वि.

तुम्ही पोचल्याचं कार्ड मिळालं. परवा तुम्ही आलात तेव्हाचं सांगते. तुम्ही फाटकात, हे व्हरांड्यात, आणि दोघांच्या मध्ये ते झाड. कोण आधी नमस्कार करतं ते मी खिडकीतून पाहून राहिले होते. कोणीच केला नाही. हे म्हणाले, पानाच्या मागे किडा आहे. तुम्ही चष्मा लावून वाकलात. त्यानंतर जेवायला बोलवायला मला तीनदा यावं लागलं, आणि ताटावरही किड्याचंच बोलणं. मला वाटलं होतं कोणाचा तरी कंठ दाटेल, मी पदर तयार ठेवला होता. तो शेवटी फोडणीच्या धुराला उपयोगी पडला.

डोळा आता अगदी बरा आहे. खुशालरावांनी वकील बदलला. जानराव मात्र परवा स्वतः येऊन संत्र्यांची टोपली ठेवून गेला आणि डोळ्यांकडे न पाहता पायऱ्या उतरला. यांनी मनकर्णाबाईला विचारून चौथ्या झाडासाठी खड्डा खणवला आहे. पक्षकारांना आधी झाडं दाखवतात, मग कागद पाहतात. एकाला काल ब्रुग्मान्सिया म्हणता येईना, तर त्याच्याकडून पाच वेळा म्हणवून घेतलं.

पण दादा, ज्यासाठी आलात तेच विसरून गेलात. गुलाबीची काडी मी ओल्या फडक्यात बांधून तुमच्या पिशवीजवळ ठेवली होती. तुम्ही दोघं बोलत बोलत स्टेशनकडे निघालात आणि ती इथेच राहिली. हे रिकाम्या हाताने घरी आले तेव्हा ती पाहिली आणि स्वतः पितळी गडूत पाणी घालून तिला उभी केली.

मी आज म्हटलं, गोवर्धन गुरुवारी अकोल्याला जाणार आहे, त्याच्याबरोबर पाठवून देते. हे वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, पाठवू नको, तुझा दादा येईल.

आपली
रमा